नवे फादर आले आणि गाव नाराज झालं: अशा वेळी लोकांचं नक्की किती चालतं?

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी जून महिन्यात नवे फादर आले आणि तिसऱ्याच रविवारी मिस्सा (आमची मुख्य प्रार्थना, जिच्यात ख्रिस्तशरीर म्हणून भाकर वाटली जाते) संपताना त्यांनी सूचना वाचली की पुढच्या रविवारपासून पहाटे सहाची मिस्सा बंद, पहिली मिस्सा सातला. बाकी सूचना नेहमीच्याच होत्या, कोणाचं लग्न, कोणाची वर्षमिस्सा. पण त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवरून अर्धा तास कोणी हललं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल एका तासाने काय फरक पडतो. आमच्या गावातल्या कितीतरी बायका फुलं आणि भाजी घेऊन लोकलने मुंबईला जातात, रविवारीसुद्धा, आणि सहाची मिस्सा ही त्यांची मिस्सा होती, पाटी दाराशी ठेवायची, मिस्सा ऐकायची आणि तिथूनच रिक्षाने स्टेशन गाठायचं. माझी आत्या चाळीसेक वर्षं असंच करत आली. फादरांना हे माहीत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

मग पुढच्या वर्षभरात सणाचा बँड बंद झाला, गायकवृंदातली जुनी माणसं बाजूला झाली, दफनभूमीच्या कुंपणासाठी जमवलेल्या पैशातून हॉलचं काम निघालं, आणि शेवटी "फादरांना बदला" असं पत्र बिशपांकडे गेलं. त्या पत्राचं काय झालं ते पुढे सांगतो. पण त्या सगळ्या काळात मला एक गोष्ट फार लागली, की आम्ही जन्मापासून या चर्चमधले, बातिस्म्यापासून, म्हणजे चर्चमध्ये दाखल होण्याच्या पहिल्या संस्कारापासून, सगळे संस्कार इथेच झालेले, आणि तरी आमच्यातल्या शंभरातल्या एकालाही माहीत नव्हतं की चर्चच्या कायद्यात आपल्याला काय हक्क आहेत, फादरांना काय अधिकार आहे, बिशप काय करू शकतात आणि काय नाही. मी तेव्हापासून वाचत आलोय, ते सगळं साध्या शब्दांत इथे लिहितोय, आपल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनाही कळेल असं, कारण तेही विचारतात की अरे तुम्ही मीटिंग घेऊन दुसरा पुजारी का नाही नेमत.

तर आधी थोडे शब्द. एका चर्चच्या हद्दीतली सगळी कॅथलिक कुटुंबं मिळून होतो तो धर्मग्राम, इंग्रजीत पॅरिश. असे बरेच धर्मग्राम मिळून धर्मप्रांत, आणि त्याचे प्रमुख बिशप. मुंबईचा मोठा धर्मप्रांत आहे, १९९८ साली त्यातूनच वसईचा वेगळा काढला गेला, पुणे आणि नाशिकचे वेगळे आहेत. धर्मग्रामाची जबाबदारी ज्यांच्यावर ते प्रमुख धर्मगुरू, लोक नुसतं मोठे फादर म्हणतात. त्यांच्या हाताखाली एखादे सहाय्यक फादर असतात. आणि या सगळ्यांना लागू असलेला एक लिखित कायदा आहे, कॅनन लॉ, सध्याचा १९८३ पासून चालू आहे आणि त्यात एकूण १७५२ कलमं आहेत. जगातल्या सगळ्या लॅटिन पद्धतीच्या कॅथलिक चर्चना हा एकच कायदा, म्हणजे ब्राझीलमधल्या खेड्यालाही तोच आणि आपल्या खेड्यालाही तोच.

आता मुख्य प्रश्न. फादर कोण नेमतं? बिशप. लोक नेमत नाहीत, लोकांच्या प्रतिनिधींची पॅरिश कौन्सिल नेमत नाही, पोपही सहसा नेमत नाहीत. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये मंडळीच ठरवून पाळक बोलावते, आपल्यात तसं नाही. पण कलम ५२४ मध्ये एक गोष्ट आहे जी मला कळली तेव्हा फार आश्चर्य वाटलं. नेमणूक करायच्या आधी बिशपांनी त्या भागाच्या डीनचं, म्हणजे आजूबाजूच्या काही धर्मग्रामांवर लक्ष ठेवणाऱ्या ज्येष्ठ फादरांचं, मत घ्यावं, चौकशी करावी, आणि योग्य वाटल्यास काही धर्मगुरूंचं आणि सामान्य श्रद्धावंतांचंही ऐकावं असं तिथे लिहिलंय. सक्ती नाही, योग्य वाटल्यास. पण दार उघडं आहे ना. जुने फादर जाणार हे आपल्याला बहुतेक वेळा काही महिने आधी कळतं, तेव्हा आपण निरोपाच्या कार्यक्रमाची वर्गणी काढत असतो. तेव्हाच चार लोकांनी बसून एक पानभर लिहून दिलं की आमचा धर्मग्राम असा आहे, इतके लोक शेतीवाले, इतके नोकरीवाले, मराठी मिस्सेला इतकी गर्दी असते, सहाची मिस्सा अमुक कारणाने आहे, तर नव्या फादरांच्या हातात ते पडेल. आम्ही नाही दिलं.

बिशपांच्याच हातात ही नेमणूक का, याला इतिहास आहे आणि तो आपल्या मुंबईतच घडलाय, म्हणून थोडा थांबून सांगतो. पोर्तुगीजांच्या काळात एक व्यवस्था होती, पाद्रोआदो. पोर्तुगालच्या राजाने चर्च बांधायची, मिशनचा खर्च करायचा आणि बदल्यात बिशपपदासाठी नावं सुचवायचा आणि चर्चच्या कारभारात लक्ष घालायचा हक्क त्याला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या गावात कोण फादर येणार याचा धागा लिस्बनपर्यंत जायचा. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली. इंग्रजांना भीती की हे पोर्तुगीज पाद्री लोकांना आपल्याविरुद्ध फितवतील, म्हणून १७२० मध्ये त्यांनी गोव्याच्या ताब्यातल्या धर्मगुरूंना बाहेर काढलं आणि रोमच्या प्रोपागांडा या खात्याच्या हाताखालचे कार्मेलाईट संघाचे धर्मगुरू आणले. म्हणजे इथे फादर बदलले ते ईस्ट इंडिया कंपनीने! लोकांचे दोन गट पडले, एक गोव्याच्या बाजूचा, एक रोमच्या बाजूचा, आणि १७९४ मध्ये तर कंपनीने मुंबईतली चर्चच दोघांत वाटून दिली. एकाच गावात दोन सत्ता, शेजारच्या दोन चर्चचे मालक वेगळे. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून एवढा वाद पेटला की रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन स्वतः चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. ही दुहेरी सत्ता मुंबईतून गेली ती थेट रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १९२८ च्या करारानंतर. मुंबईला पहिले भारतीय आर्चबिशप मिळाले, व्हॅलेरियन ग्रेशियस, ते १९५० मध्ये.

दोनशे वर्षं राजा, कंपनी आणि गावातले पुढारी फादर कोण हे ठरवायला ओढाताण करत होते. चर्च नेमणुकीचा अधिकार आज इतका घट्ट धरून ठेवते त्यात या आठवणीचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. एखाद्या गावात दोन श्रीमंत घराणी असली आणि फादर लोकांनी निवडायचे ठरले तर ते कोणाचे फादर होतील हे सांगायला नको. गरिबाच्या घरी अंतिम संस्काराला मध्यरात्री जाणारा माणूस कोणाच्या उपकाराखाली नसावा, ही गोष्ट मला पटते, राग असतानाही पटत होती.

बरं, फादर आले. आता ते काय काय बदलू शकतात? बरंच काही. मिस्सेच्या वेळा, गायकवृंद कोण चालवणार, हॉल कोणाला द्यायचा, सण कसा करायचा, संस्थांच्या मीटिंग कधी, हे रोजच्या कारभाराचे निर्णय त्यांचे, आणि कायद्याच्या भाषेत बोलायचं तर धर्मग्रामाच्या वतीने सही करणारा माणूसही तेच. पॅरिश कौन्सिल असते, पण तिचं काम सल्ला द्यायचं, मत मोजून फादरांना बांधून टाकायचं नाही. २०२० च्या जुलैमध्ये व्हॅटिकनने धर्मग्रामांबद्दल एक सूचनापत्र काढलं त्यातही हेच ठासून सांगितलं की धर्मग्रामाचं नेतृत्व धर्मगुरूच करणार. शिवाय पॅरिश कौन्सिल कायद्याने सगळीकडे सक्तीची नाही, बिशपांना योग्य वाटलं तर ते ती लागू करतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोमला जो सिनड, म्हणजे बिशपांची आणि इतर प्रतिनिधींची सभा, संपला त्याच्या अंतिम दस्तऐवजात मात्र स्पष्ट मागणी आहे की या कौन्सिल सक्तीच्या करा आणि हिशेब, जबाबदारी, पारदर्शकता या गोष्टी नियमित करा, आणि पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज जसाच्या तसा मान्य केला. म्हणजे वारा बदलतोय, पण कलमं अजून तीच आहेत.

काही गोष्टी मात्र फादरांच्याही हातात नाहीत, आणि इथेच लोकांचं अज्ञान आड येतं. मिस्सेच्या प्रार्थनेचे शब्द ते स्वतःच्या मनाने बदलू शकत नाहीत. जो माणूस योग्य वेळी, योग्य तयारीने संस्कार मागतो आणि ज्याला कायद्याने मनाई नाही, त्याला ते संस्कार नाकारू शकत नाहीत, हे कलम ८४३. "तुम्ही वर्गणी भरली नाही म्हणून मुलाचा बातिस्मा नाही" असं कोणी म्हणालं तर ते या कलमात बसत नाही. फादरांनी कुटुंबांना भेटावं, आजाऱ्यांकडे जावं, गरीब आणि एकट्या माणसांकडे जास्त लक्ष द्यावं हे कलम ५२९ मध्ये त्यांचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, फक्त चांगल्या स्वभावाची गोष्ट म्हणून नाही. आणि रविवारी एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे जे फादर आपल्याला आवडत नाहीत तेही दर आठवड्याला आपल्यासाठीच मिस्सा करतात. हे मी वाचलं त्या रात्री बराच वेळ तसाच बसून राहिलो.

पैशाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे म्हणून नीट सांगतो. प्रत्येक धर्मग्रामात फायनान्स कमिटी असायलाच हवी, हे कलम ५३७, इथे "योग्य वाटल्यास" नाही. लोकांनी एखाद्या ठरावीक कामासाठी पैसे दिले तर ते त्याच कामाला वापरायचे, हे कलम १२६७. कुंपणासाठी दिले तर कुंपणाला. आणि लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांना द्यायचा, त्या धर्मप्रांताच्या नियमाप्रमाणे, हे कलम १२८७. याशिवाय महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक न्यासाचा कायदा आहे, त्याखाली कितीतरी चर्च धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहेत, त्यांचे हिशेब ऑडिट व्हावेच लागतात. म्हणजे "फादर, कुंपणाच्या पैशाचं काय झालं?" हा उद्धटपणा नाहीये. तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या बाजूला चर्चचाच कायदा उभा आहे. आमच्याकडे हा प्रश्न विचारणाऱ्याला "तू फादरांवर संशय घेतोस?" असं ऐकवलं गेलं, तेही आपल्याच माणसांकडून, आणि तो माणूस पुढे दोन महिने चर्चच्या मागच्या बाकावर बसायचा.

आता नाराजीबद्दल. मला वाटतं सगळ्या नाराज्या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात म्हणूनच काही सुटत नाही. नवीन फादर आल्यावर पहिलं वर्ष जी कुरकुर असते त्यातली खूपशी खरं तर जुन्या फादरांच्या जाण्याचं दुःख असते. जुन्या फादरांनी आपल्या आईला शेवटचं तेल लावलेलं असतं, आपलं लग्न लावलेलं असतं, पोरगा दारू प्यायला लागला तेव्हा रात्री ओटीवर येऊन बसलेले असतात. नव्या माणसाने या सगळ्याची जागा पहिल्या रविवारी कशी भरायची. तो प्रवचन कितीही चांगलं करो, "ते आमचे फादर असं नव्हते करत" हेच ऐकायला मिळणार. या दुःखावर तक्रारअर्जाचा काही उपयोग नाही, त्याला वेळच लागतो, आणि नव्या फादरांनी पहिलं वर्ष काही न बदलता फक्त घराघरात फिरून चहा प्यावा, त्याने जेवढं काम होईल तेवढं कशानेच होणार नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरी नाराजी भाषेची आणि गटांची. मुंबईत एकाच चर्चमध्ये इंग्रजी, कोकणी, मराठी, कधी तमिळ मिस्सासुद्धा असते आणि कोणाच्या मिस्सेला साडेआठची वेळ आणि कोणाच्या मिस्सेला दुपार हा किरकोळ मुद्दा नसतो, त्यात मान असतो. मूळचे गावठाणातले लोक आणि बिल्डिंगमध्ये नंतर आलेले लोक, कोळीवाडा आणि वरची आळी, जुन्या घराण्यांचे सणातले मान. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे, मिस्सा लॅटिनमधून लोकभाषांत आली तेव्हापासून हा प्रश्न जास्त बोलका झाला, कारण लॅटिन सगळ्यांनाच सारखी परकी होती. बाहेरून आलेल्या फादरांना हे नकाशावर दिसत नाही, ते एक मिस्सा हलवतात आणि त्यांना कळतच नाही की एक आख्खी आळी दुखावली.

तिसरी नाराजी स्वभावाची, बोलण्याची, वेदीवरून माणसाचं नाव घेऊन टोचण्याची. चौथी पैशाची आणि कारभाराची. आणि एक गोष्ट अशी आहे जिला नाराजी म्हणणंच चूक आहे. लहान मुलांच्या बाबतीत काही गैर घडल्याची शंका असेल तर तिथे पॅरिश कौन्सिल नाही, मीटिंग नाही, "आधी बिशपांना विचारू" नाही, तिथे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. चर्चच्या बाजूनेही २०१९ पासून पोप फ्रान्सिस यांचा वेगळा नियम आहे, की फादर आणि सिस्टर यांना अशी गोष्ट कळली तर त्यांनी ती वरिष्ठांना कळवायचीच. हा विषय मिस्सेच्या वेळेच्या तक्रारीबरोबर एका कागदावर कधीही लिहू नये, नाहीतर मोठी गोष्ट छोट्या गोष्टीत हरवते.

मग तक्रार करायची कशी. पहिलं म्हणजे तक्रार करणं पाप नाही. कलम २१२ सांगतं की श्रद्धावंतांना आपल्या गरजा आणि आपलं मत धर्मगुरूंना सांगायचा हक्क आहे, कधी कधी ते कर्तव्यही आहे, आणि इतर श्रद्धावंतांनाही ते मत कळवता येतं, मात्र आदर ठेवून आणि सगळ्यांचं हित बघून. त्याच्याच पुढे कलम २२० आहे, कोणाचंही चांगलं नाव विनाकारण खराब करायचं नाही. व्हॉट्सॲपवर रात्री अकरा वाजता फादरांच्या नावाने फिरणारे मेसेज या दुसऱ्या कलमावर आपटतात, आणि तिथे आपली खरी तक्रारसुद्धा पडते, कारण बिशप हाउसमध्ये सगळ्यात आधी तेच मेसेज पोचतात.

पायऱ्या साध्या आहेत. आधी स्वतः फादरांशी बोलायचं, दोन-तीन जणांनी जायचं, वीस जणांनी नाही, कारण वीस माणसं दारात उभी राहिली की कोणताही माणूस आधी स्वतःला वाचवतो. मग पॅरिश कौन्सिल आणि फायनान्स कमिटी, आणि तिथे जे बोललं ते लेखी टिपणात आलंय ना हे बघायचं. मग डीन. मग बिशप. बिशपांनी आपल्या सगळ्या धर्मप्रांताला पाच वर्षांत निदान एकदा तरी स्वतः किंवा दुसऱ्या कोणामार्फत भेट द्यायची असते, ती भेट फक्त हार-तुऱ्यांची नसते, तेव्हा भेटीची वेळ मागता येते. फादर एखाद्या संन्यस्त संघाचे असतील, जेज्विट किंवा सेलेशियन वगैरे, तर त्यांचे वरिष्ठ वेगळे, आणि तिथे बिशप किंवा ते वरिष्ठ, दोघांपैकी कोणीही एकमेकांना कळवून त्यांना पदावरून हलवू शकतात.

आणि "फादरांना बदला" या मागणीचं काय? कायद्यात त्याची सोय आहे, कलम १७४० पासून पुढे. मला वाटायचं की गुन्हा केल्याशिवाय फादरांना काढता येत नाही, तसं नाहीये. तिथे सरळ लिहिलंय की फादरांची स्वतःची मोठी चूक नसली तरी त्यांचं काम लोकांना अपायकारक किंवा निष्फळ ठरत असेल तर बिशप त्यांना हटवू शकतात. कारणं १७४१ मध्ये दिलीयेत, आणि त्यातलं एक तर अगदी आपल्या विषयाचं आहे: प्रामाणिक आणि जबाबदार धर्मग्रामस्थांमध्ये फादरांचं नाव खराब होणं, किंवा त्यांच्याबद्दल अशी नावड जी लवकर ओसरेल असं दिसत नाही. बाकीची म्हणजे ऐक्य बिघडवणारं वागणं, कायमचा आजार किंवा काम न जमणं, ताकीद देऊनही कर्तव्यात हयगय, आणि चर्चचं मोठं नुकसान करणारा पैशाचा कारभार.

पण शब्द नीट बघा. "प्रामाणिक आणि जबाबदार" आणि "लवकर ओसरणार नाही". सहा महिन्यांच्या रागावर हे कलम लागत नाही. आणि प्रक्रियाही लांब आहे, बिशपांनी दोन ठरावीक धर्मगुरूंबरोबर विचार करायचा, मग फादरांना वडिलांच्या मायेने समजवायचं की पंधरा दिवसांत राजीनामा द्या, कारणं सांगायची, फादरांनी नकार दिला तर त्यांना कागदपत्रं बघू द्यायची, त्यांचं म्हणणं लेखी घ्यायचं, पुन्हा त्या दोघांबरोबर बसायचं आणि मगच हुकूम. फादर रोमकडे दाद मागू शकतात, आणि तो निकाल येईपर्यंत तिथे नवे प्रमुख धर्मगुरू नेमता येत नाहीत, तात्पुरते प्रशासक चालवतात. हे संरक्षण चांगलं आहे, नाहीतर गावातल्या दारूवाल्याविरुद्ध बोलणारा प्रत्येक फादर महिन्यात बदलला गेला असता. म्हणून प्रत्यक्षात बिशप बहुतेक वेळा तो मार्ग धरतच नाहीत, ते पुढच्या बदल्यांपर्यंत थांबतात आणि सगळ्यांबरोबर त्यांचीही बदली करतात. लोकांना वाटतं बिशपांनी ऐकलंच नाही. कधी ऐकलेलं असतं, फक्त फादरांची मान खाली जाणार नाही अशा पद्धतीने केलेलं असतं.

लोक हटून बसले तर काय होतं याची उदाहरणं जगात आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला कोळसा खाणीतले पोलिश मजूर होते, त्यांनी पोटाला चिमटा काढून चर्च बांधलं आणि त्यांना हवं होतं की चर्चच्या मालमत्तेच्या कारभारात आपलंही म्हणणं असावं. बिशप ऐकेनात. लोकांनी वेगळं चर्च बांधलं, १८९७ मध्ये फ्रान्सिस होदूर नावाचे तरुण फादर त्यांच्याकडे आले, पुढच्या वर्षी त्यांना बहिष्कृत केलं गेलं, आणि त्यातून पोलिश नॅशनल कॅथलिक चर्च हे वेगळंच चर्च उभं राहिलं, आजही आहे. एका धर्मग्रामातला वाद, आणि सव्वाशे वर्षं झाली तरी ती माणसं परत रोमबरोबर एक झालेली नाहीत.

दुसरं नायजेरियातलं, अहियारा धर्मप्रांत. तिथे वाद फादरांवरून नव्हता, थेट बिशपांवरून होता. २०१२ च्या डिसेंबरमध्ये पीटर ओकपालेके यांची बिशप म्हणून नेमणूक झाली. ते तिथल्या म्बाइसे समाजाचे नव्हते, बाहेरचे. तिथल्या धर्मगुरूंनी आणि लोकांनी सांगितलं, आमच्या मातीने इतके धर्मगुरू दिले, त्यातला एकही बिशप व्हायच्या लायकीचा नाही का? हे दुःख खोटं नव्हतं. पण मग ओकपालेकेंचा दीक्षाविधी धर्मप्रांताच्या बाहेर करावा लागला आणि त्यांना आपल्याच कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचा, ताबा घेता आला नाही, वर्षानुवर्षं. २०१७ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी सांगितलं की तिथल्या प्रत्येक धर्मगुरूने तीस दिवसांत स्वतंत्र पत्र लिहून माफी मागावी आणि आज्ञापालनाचं वचन द्यावं. पत्रं आली, तरी दार उघडलं नाही आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ओकपालेकेंनी राजीनामा दिला. म्हणजे लोक जिंकले? अहियाराचा कारभार पुढे प्रशासकाकडे राहिला, आणि ओकपालेके २०२० मध्ये एक्वुलोबिया या नव्या धर्मप्रांताचे बिशप झाले, २०२२ मध्ये कार्डिनल झाले. मी हे वाचताना दोन्ही बाजूंसाठी वाईट वाटत राहतं. परका म्हणून दारातच थांबवलेला माणूस, आणि "आम्हाला कोणी विचारलंच नाही" म्हणणारी माणसं.

आता आमच्या पत्राचं. पहिलं पत्र तीन पानी होतं, खूप सह्या होत्या, आणि त्यात फादर कसे गर्विष्ठ आहेत, कसे हसत नाहीत, जुने फादर कसे देवमाणूस होते, आणि त्यांना ताबडतोब बदला, एवढंच होतं. कुंपणाच्या पैशाचा उल्लेख तिसऱ्या पानाच्या शेवटी एका ओळीत. बिशप हाउसमधून पत्र मिळाल्याची पोच आली. मी तेव्हा चिडलो होतो, आज ते पत्र वाचलं तर मला कळत नाही की बिशपांनी त्यावर काय करायला हवं होतं.

दुसरं पत्र बँकेतून रिटायर झालेल्या एका बाईंनी लिहिलं. एक पान. त्यात तारखा होत्या, कुंपणासाठी किती जमले त्याच्या पावत्यांचे नंबर होते, हॉलच्या कामाला कधी सुरुवात झाली ते होतं, फायनान्स कमिटी शेवटची कधी बसली ते होतं, आणि शेवटी दोन मागण्या: कमिटीची बैठक घ्यावी, हिशेब लोकांसमोर वाचावा. बदला वगैरे काही नव्हतं. सह्या फक्त अकरा. त्या बाईंनी पत्राची एक प्रत आधी स्वतः फादरांच्या हातात दिली, म्हणाल्या, "फादर, तुमच्या पाठीमागे काही पाठवत नाही."

डीन आले, कमिटी बसली. फादरांना खरंच माहीत नव्हतं की ते पैसे कुंपणाचे म्हणून वेगळे दिलेले होते, त्यांच्यासमोर आलेल्या वहीत ते सगळ्या देणग्यांबरोबर एकत्रच मांडलेले होते, ती वही आमच्याच माणसांनी लिहिलेली. पैसे तीन हप्त्यांत परत कुंपणाच्या खात्यात आले आणि ऑगस्टमध्ये एका रविवारी फादरांनी मिस्सेनंतर हिशेब स्वतः वाचला, आकडे अडखळत, कारण माईक बंद पडत होता. सणाला बँड परत आला. गायकवृंदातल्या दोन जुन्या माणसांना त्यांनी घरी जाऊन बोलावलं, एक आला, एक नाही आला.

सहाची मिस्सा मात्र परत सुरू झाली नाही. सहाय्यक फादर नाहीत, आणि मोठ्या फादरांना शनिवारी रात्री उशिरापर्यंत दुसऱ्या वस्तीवरची मिस्सा असते, हे त्यांनी त्या बैठकीत पहिल्यांदा सांगितलं आणि आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आत्या आता रविवारी साडेपाचला पाटी घेऊन निघते, शेजारच्या धर्मग्रामात सहाची मिस्सा ऐकते आणि तिथून स्टेशनला जाते, रिक्षाचे पन्नास रुपये जास्त लागतात. मागच्या महिन्यात तिला ताप होता तेव्हा फादर तिच्याकडे ख्रिस्तशरीर घेऊन आले होते, सकाळी सहाला.